अभ्यासिकेतल्या मुलांसाठी कोणतं ॲप घ्यावं?

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात नव्या पेठेत तुमच्या दोन अभ्यासिका आहेत, मिळून २२० जागा. बहुतेक मुलं-मुली एमपीएससीची, काही बँकिंग आणि सरळसेवा भरतीची तयारी करतात. दीड महिन्यापूर्वी तुमच्याकडे ३ वर्षं बसणारा एक मुलगा कुणाला न सांगता भाड्याची कॉट सोडून गावी गेला. तो कित्येक रात्री झोपलेला नव्हता आणि ‘आता आपल्यात काही उरलं नाही’ असं म्हणायचा, हे तुम्हाला नंतर शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून कळलं. तुमच्याकडून पास होऊन गेलेल्या काही अधिकाऱ्यांनी दीड लाख रुपये जमवून दिलेत. तुम्ही विचारताय की मुलांसाठी मानसिक आरोग्याचं कोणतं ॲप घ्यावं, की स्वतःचं बनवून घ्यावं, आणि एआय चॅटबॉट चालेल का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. १९ वर्षं पुण्यात काम करते, आणि गेली काही वर्षं माझं निम्म्याहून जास्त काम फोनवर, व्हिडिओवर आणि चॅटवर चालतं. त्यामुळे डिजिटल साधनांबद्दल मला अढी नाही. त्यांच्यामुळेच ज्यांच्यापर्यंत मी कधी पोचले नसते अशी मुलं माझ्यापर्यंत आली. तरी तुम्हाला सांगेन की स्वतःचं ॲप बनवू नका. का, ते नीट सांगते.

आधी मूळ अडचण काय आहे ते बघू. तुमच्या मुलांकडे साधनं कमी नाहीत. प्रत्येकाच्या हातात फोन आहे, डेटा आहे, आणि त्यात चालू घडामोडींची ४-५ ॲप आहेत. मदत शोधायला ती अडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते : ‘यावं असं पहिल्यांदा कधी वाटलं होतं?’ दिवसांत उत्तर क्वचित मिळतं. ‘गेल्या पूर्व परीक्षेच्या निकालानंतर’, ‘दिवाळीला घरी जाऊन आल्यावर’ अशी ती उत्तरं असतात, म्हणजे ६ महिने, ८ महिने, कधी दीड वर्ष. ज्याच्यावर उपाय शोधायचा तो हा मधला काळ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलं. त्यात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत दिसलं. डॉक्टरांची कमतरता हे त्याचं मोठं कारण आहेच. पण पुण्यात, जिथे दर दोन चौकांत कुणीतरी समुपदेशक आहे, तिथेही मुलं येत नाहीत, तेव्हा कारणं आणखीही असतात.

ती कारणं मुलांच्याच शब्दांत सांगते. पहिलं, ‘मला नेमकं काय होतंय ते कळतच नव्हतं.’ नैराश्य हा शब्द कुणी वापरत नाही. ‘लक्ष लागत नाही’, ‘वाचलेलं राहत नाही’, ‘डोकं जड असतं’, ‘पित्त वाढलंय’ असं म्हणतात आणि मेंदूच्या टॉनिकची बाटली आणतात. दुसरं, पैसे. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज यातून महिन्याला हजार रुपये काढणंसुद्धा वडिलांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि वडिलांना काय सांगणार? तिसरं, जागा. एका खोलीत पाच कॉट. बोलायचं कुठे? मी कितीतरी मुलांशी अशी बोलले आहे की पलीकडे ते गच्चीच्या जिन्यात बसलेले असायचे. एक मुलगी तर बंद दुकानाच्या पायरीवर बसून, डोक्यावरून ओढणी घेऊन बोलायची.

चौथं कारण स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं खास आहे, आणि बाहेरच्या लोकांना ते माहीत नसतं : ‘फाईलवर येईल.’ उद्या निवड झाली, चारित्र्य पडताळणी झाली, वैद्यकीय तपासणी झाली आणि त्यात हे निघालं तर? या एका भीतीपोटी महिनोन्‌महिने गप्प राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी सांगते ते तुम्हीही सांगा. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ चा आहे आणि त्यात उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. हेल्पलाइनला फोन केला किंवा समुपदेशकाशी बोललं म्हणून कोणत्याही आयोगाकडे नोंद जात नाही. काही पदांचे वैद्यकीय निकष वेगळे असतात, ते त्या त्या जाहिरातीत वाचावेत, हेही खरं. पण झोप उडालेली असताना कुणाशी बोललं म्हणून नोकरी गेली, असं माझ्या एवढ्या वर्षांत एकदाही घडलेलं नाही.

आता या चार अडचणी समोर ठेवून कुठलंही साधन तपासा. ज्याला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही, तो मानसिक आरोग्याचं ॲप शोधून उतरवून घेणार नाही. उतरवलं तरी ते टिकत नाही. २०१९ मध्ये अशा ९३ ॲपच्या प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲप घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचं प्रमाण, मध्यक धरला तर, ३.३ टक्के होतं. तुमच्या २२० मुलांनी आज ॲप घेतलं तर महिन्याने ते ७ जणांच्या हातात असेल. आणि ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो त्या ७ जणांत असण्याची शक्यता कमीच.

याचा अर्थ ॲप निरुपयोगी असतात असा नाही. श्वासाचा व्यायाम, झोपेचं वेळापत्रक, विचारांची नोंद यासाठी मी स्वतः मुलांना ॲप सुचवते. पण मी सुचवलं आणि पुढच्या आठवड्यात विचारलं, तरच ते वापरलं जातं. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगात या संस्थेने किशोरवयीन मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा फोनवरचा खेळ तयार केला. अडचण ओळखा, पर्याय शोधा, करून बघा, असं त्याचं सूत्र आहे. दिल्ली आणि गोव्यातल्या शाळांमध्ये तो मुलांसमोर ठेवला तेव्हा सोबत समुपदेशक होता. मला ही रचना महत्त्वाची वाटते. खेळ मुलाला बोलतं करतो, आणि बोललेलं ऐकायला तिथे माणूस असतो. त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका कामातून मी बरंच शिकले. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी तज्ज्ञ नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक ६ ते ८ भेटींत बोलायचे, आणि त्याचा रुग्णांना फायदा झाला. म्हणजे पलीकडचा माणूस पदवीधर तज्ज्ञच असला पाहिजे असं नाही. पण तो माणूस हवा, शिकवलेला हवा, आणि त्याच्या पाठीशी कुणीतरी जाणकार हवं.

आता तुम्ही प्रश्नात ओझरता उल्लेख केलेली एक गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. ‘सुरुवातीला सगळ्यांकडून गुगल फॉर्मवर नैराश्याची चाचणी भरून घेऊ,’ असं तुम्ही लिहिलंय. हे करू नका. मी केलं आहे आणि त्याचा धडा अजून विसरलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी आणि दोन सहकारी सल्लागार म्हणून जायचो. पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं ते विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी करावी असं समजतात. चांगली चाचणी आहे. आम्ही ती शुक्रवारी दुपारी मुलांच्या ग्रुपवर टाकली. सोमवारी बसून निकाल बघू असं ठरवलं. चाचणीतला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. सोमवारी सकाळी तक्ता उघडला तर शनिवारी रात्री साडेअकरा वाजता भरलेला एक फॉर्म होता. नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’, आणि खाली मोकळ्या चौकटीत एक ओळ : ‘कुणी वाचतंय का हे?’

३४ तास कुणीही वाचलेलं नव्हतं. ती मुलगी सुखरूप होती, सोमवारी दुपारी आम्ही तिच्यापर्यंत पोचलो, पुढे तिचे उपचार झाले, आज ती चांगली आहे. पण ती ओळ वाचल्यावर माझे हात थंड पडले होते ते मला आजही आठवतं. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. ज्या उत्तरावर त्याच तासात काही करायची आपली तयारी नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. चाचणी समोर बसून घ्यायची, किंवा जाणकार माणूस फोनच्या पलीकडे असताना घ्यायची. फॉर्मवर घ्यायचीच असेल तर गुण आणि पुढे काय करायचं हे भरणाऱ्यालाच लगेच दिसलं पाहिजे, खाली सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असला पाहिजे, आणि उत्तरं कुठल्याही तक्त्यात साठता कामा नयेत. अभ्यासिकेच्या मालकाच्या ईमेलवर तर नाहीच नाही.

हा शेवटचा मुद्दा तुम्हाला कदाचित लागेल, पण समजून घ्या. तुमचा हेतू चांगला आहे हे तुमच्या प्रश्नाच्या प्रत्येक ओळीत दिसतं. तरीही मुलाची जागा, फी आणि घरच्यांचा फोन नंबर तुमच्या हातात आहे. ज्याच्या हातात आपली जागा आहे त्याला कुणी मनातलं सांगत नाही. त्यामुळे जी काही व्यवस्था कराल तिच्यात मेसेज वाचणारी व्यक्ती तुम्ही नसावं, आणि ‘आपल्याकडचं कोण येऊन गेलं’ हे तुम्हाला कळू नये. तुम्हाला फक्त संख्या कळावी.

एआय चॅटबॉटबद्दल. मुलं ते वापरतातच. रात्री दोनला अभ्यास संपवून पडल्यावर ‘मी नालायक आहे का’ हे ती कुणाला विचारणार? फोनला विचारतात. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी तिथे लिहिलेलं असतं. माणसाला यंत्राशी मन मोकळं करावंसं वाटतं हे नवीन नाही. १९६६ मध्ये एलिझा नावाचा अगदी साधा प्रोग्राम आला होता, तो बहुतेक समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, तरी लोक त्याच्याशी जिव्हाळ्याचं बोलायला लागले होते. आजचे चॅटबॉट कितीतरी पुढचे आहेत. धीर देतात, माहिती देतात, कधी कधी ‘डॉक्टरांशी बोला’ असंही नीट सांगतात. म्हणून मी मुलांना ‘वापरू नका’ म्हणत नाही. म्हटलं तर ती मला सांगणं थांबवतील, एवढंच होईल.

पण तुम्ही संस्था म्हणून चॅटबॉट देऊ नका. दोन कारणं आहेत. एक, चॅटबॉट समोरच्याच्या म्हणण्याला फार लवकर होकार भरतो. ‘आता पुढच्या अटेम्प्टशिवाय माझ्या आयुष्याला अर्थ नाही’ असं कुणी लिहिलं की तो समजूत घालतो आणि अभ्यासाचं वेळापत्रक करून देतो. माझ्यासमोर तेच वाक्य आलं तर मी थांबते. गेला अटेम्प्ट कधी होता, घरी शेवटचं कधी बोललास, आज जेवलास का, हे विचारते, आणि त्याचा चेहरा बघते. दुसरं कारण असं की धोका दिसला तरी चॅटबॉट कुणाच्या दारावर थाप मारू शकत नाही. तुमच्या नावाने दिलेल्या साधनावर कुणी रात्री शेवटचं लिहिलं आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, तर ते ओझं तुमच्यावर येईल. आमच्या त्या फॉर्मसारखंच.

चॅटबॉटचा एक चांगला उपयोग मात्र मी मुलांना आवर्जून सांगते. समुपदेशकाकडे जायच्या आदल्या दिवशी त्यात किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून काढा : काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, काय सांगायची लाज वाटते. मग ते तसंच वाचून दाखवा. पहिल्या भेटीतला अर्धा तास शब्द शोधण्यात जातो, तो वाचतो. लिहिताना खरं नाव, गाव, कॉलेज घालू नका, हेही सांगते. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने, बेटरहेल्पने, वापरणाऱ्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर्स भरायला लावले. तेव्हा कुठलंही ॲप सुचवण्याआधी ते कुणाचं आहे, पैसे कशातून मिळवतं आणि खातं काढून टाकल्यावर माहिती पुसली जाते का, एवढं तरी बघावं. तुमच्याकडे १८ वर्षांखालची काही मुलं असतील तर आणखी सावध राहा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय.

आतापर्यंतचं थोडक्यात : ॲप बनवू नका, सामूहिक चाचणी घेऊ नका, चॅटबॉट देऊ नका. मग दीड लाखांचं काय करायचं?

मी तुमच्या जागी असते तर ते पैसे माणसावर खर्च केले असते आणि फोनचा उपयोग त्या माणसापर्यंतची वाट छोटी करायला केला असता. एक प्रशिक्षित समुपदेशक शोधा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, विचारायला संकोच नको. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशन करणारी चांगली माणसंही आहेत. त्यांना दोन गोष्टी विचारा, कुणाच्या देखरेखीखाली काम करता आणि औषधांची गरज दिसली तर कुणाकडे पाठवता. या दोन्हीचं स्पष्ट उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस बघा. आठवड्यातून दोन दुपारी प्रत्यक्ष आणि रोज संध्याकाळी एक तास फोनवर, असं महिना १२,००० मानधन धरलं तर १० महिन्यांचे १,२०,००० होतात. अनुभवी माणूस याहून जास्त घेईल. पण अशा कामाला सवलतीत येणारे पुण्यात मिळतात, हे मी अनुभवाने सांगते. प्रत्यक्ष भेटीची जागा अभ्यासिकेत नको, दोन गल्ल्या सोडून बघा.

उरलेल्या ३०,००० मधून एक साधा फोन आणि वेगळा नंबर घ्या. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि आपोआप जाणारं उत्तर लावा. हे उत्तर फार जपून लिहावं लागतं. मी असं लिहीन :

‘तुमचा मेसेज पोचला. हा नंबर रोज संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत समुपदेशक बघतात, इतर वेळी इथे कुणी वाचत नाही. आत्ताच बोलायचं असेल तर १४४१६ वर फोन करा, तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. नाव सांगायची गरज नाही. तुम्ही काय लिहिलं ते अभ्यासिकेत कुणालाही कळणार नाही.’

‘इतर वेळी कुणी वाचत नाही’ हे वाक्य कठोर वाटेल, पण काढू नका. त्या शनिवारच्या फॉर्मवर हेच वाक्य नव्हतं.

१४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत फोन जोडतात. ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्थे’ची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे, तिथे फोनशिवाय ईमेल आणि चॅटवरही बोलता येतं, त्यामुळे पाच कॉटच्या खोलीतल्या मुलांना ती सोयीची पडते. तिच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून पोस्टरवर लावण्याआधी ताज्या वेळा बघून घ्या. आणि कुठलाही नंबर लावण्याआधी स्वतः दोन-तीन वेगवेगळ्या वेळी फोन करून बघा. किती वेळात उचलला, मराठीत बोलले का, ते कळेल. मी हे दर काही महिन्यांनी करते.

पोस्टर कुठे लावायचं हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सगळं त्यावरच अडतं. नोटीस बोर्डावर लावलेला क्यूआर कोड शंभर जणांदेखत कोण स्कॅन करणार? स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. तिथे माणूस एकटा असतो आणि फोन हातात असतो. मजकुरात ‘मानसिक आजार’ असं लिहू नका. ‘झोप लागत नाही? वाचलेलं डोक्यात राहत नाही? घरून फोन आला की छातीत धडधडतं?’ असं लिहा. एका वसतिगृहात आम्ही पोस्टरचे शब्द असे बदलले आणि जागा बदलली, तेव्हा एकही मेसेज न येणाऱ्या नंबरवर पहिल्याच आठवड्यात मेसेज येऊ लागले.

चॅटवर पहिला मेसेज आला की त्याला फोनपर्यंत आणायचं, फोनवरून जमलं तर भेटीपर्यंत. चॅट ही सुरुवात म्हणून उत्तम आहे, कारण आवाज नसतो, रडू आलं तरी कुणाला दिसत नाही. पण गंभीर बोलणं चॅटवर लांबवू नये. ‘ठीक आहे’ हे दोन शब्द कुणी कसे लिहिले ते कळत नाही. ऐकले की कळतं. व्हिडिओ किंवा फोनवर बोलताना मी दर वेळी सुरुवातीला दोन गोष्टी विचारते : आत्ता कुठे आहेस, आणि गरज पडली तर तुझ्याजवळ लवकर पोचेल असं कोण आहे. आणि आम्ही एक वाक्य ठरवतो. खोलीत कुणी आलं की मुलगा म्हणतो, ‘बरं, त्या नोट्स पाठव मग.’ मी लगेच विषय बदलते, कधी फोन ठेवते आणि मेसेज करते. इयरफोन हवेतच. या एका वाक्यामुळे कितीतरी मुलं मोकळी बोलली आहेत.

औषधांची गरज असेल तर २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर ऑनलाइन तपासून काही औषधं लिहून देऊ शकतात, पण सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्यांवर बंधनं आहेत. माझा स्वतःचा आग्रह असतो की पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी. ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, दोन्हीकडे अगदी कमी खर्चात तपासणी होते. येरवड्याचं नाव काढलं की मुलं दचकतात. त्यांना सांगा की रोज सकाळी तिथे रांगेत उभी असणारी बहुतेक माणसं गोळ्या घेऊन दुपारी आपापल्या कामाला जातात.

या सगळ्याला एक वेळापत्रक लागतं आणि ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. निकालाचा दिवस, परीक्षा पुढे ढकलल्याचा दिवस, वय निघून जाण्याचं वर्ष. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीवरून मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली, ती पद्धत २०२५ वर ढकलली गेली, पुढच्याच वर्षी तारखांवरून पुन्हा आंदोलन झालं. आंदोलनाच्या दिवसांत मुलं एकत्र असतात, बोलतात, ओरडतात. मला फोन यायचे ते त्यानंतर, सगळं शांत झाल्यावर. निकालाच्या दिवशीही रात्र बरी जाते, मित्र सोबत असतात. तिसरा-चौथा दिवस वाईट असतो, जेव्हा पास झालेले पेढे वाटून गेलेले असतात आणि बाकीचे पुन्हा टेबलाशी येऊन बसतात. त्या आठवड्यात समुपदेशकाच्या वेळा दुप्पट करा आणि नंबर पुन्हा एकदा सगळ्यांना पाठवा.

आणि एखादा मुलगा आत्ताच्या आत्ता धोक्यात आहे असं वाटलं तर? सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्याने विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे. माझ्या अनुभवात, विचारल्यावर बहुतेक जण सुटल्यासारखा श्वास सोडतात. त्याला एकटं सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू लांब करा, १४४१६ लावून त्याच्याशेजारी बसा, आणि काही केलंच असेल तर ११२ वर फोन करून थेट हॉस्पिटल गाठा. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने वेळ घालवू नका. २०१७ च्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं, तिला शिक्षा करू नये, तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. अशा वेळी घरच्यांना कळवावं लागतं, आणि ते त्या मुलाला सांगून कळवावं. एरवी मात्र पालकांना परस्पर फोन करू नका.

तीन महिन्यांनी हे जमतंय का हे कसं बघाल? नंबरवर किती मेसेज आले, त्यातले किती जण एकदा तरी बोलले, आणि त्यातले किती दुसऱ्यांदा आले. दुसऱ्यांदा आलेल्यांचा आकडा मी सगळ्यात जास्त मोलाचा मानते. मेसेज खूप आणि दुसऱ्या भेटी नाहीत, तर माणूस बदलायची वेळ आली आहे. मेसेजच नाहीत तर पोस्टर.

आता त्या गावी गेलेल्या मुलाबद्दल. तुमच्या प्रश्नात तो पहिल्या परिच्छेदात आहे आणि मग पुन्हा आलाच नाही. त्याचा नंबर तुमच्या रजिस्टरमध्ये असेल. बाकीचं सगळं होईल तेव्हा होईल, त्याला आज संध्याकाळी फोन करा. फी बाकी असली तर तो विषय काढू नका, परत कधी येतोस हेही विचारू नका. ‘तुझी आठवण आली म्हणून फोन केला, झोप येतेय का आता?’ एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. उचलला नाही तर उद्या पुन्हा करा. काय झालं ते मला इथेच कळवा, तो तयार असेल तर मी त्याच्याशी बोलेन.